खिशात मावणारा गायगर काउंटर: वापरल्यानंतरचं माझं मत

आधी निकाल सांगतो. किरणोत्सर्ग म्हणजे काय हे स्वतःच्या हातांनी समजून घ्यायचं असेल, तर हे यंत्र जरूर घ्या. अणुवीज केंद्र सुरक्षित आहे की नाही याचा शेवटचा निवाडा हे यंत्र करेल, या आशेने मात्र घेऊ नका. तेवढं काम याचं नाही. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात टर्बाइन विभागात झाली. २१० मेगावॉटच्या सेटवर शिफ्ट करत आयुष्य गेलं. आता नाशिकरोडला राहतो. लेक बोईसरला दिली आहे, म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या शेजारीच. तिला दिवस गेले तेव्हा घरात एकच विषय सुरू झाला. बाळंतपण माहेरी करायचं हे ठरलेलंच होतं, पण पुढे बाळाला घेऊन तिने तिथे राहावं का? विहीणबाईंचं माहेर डहाणूचं, त्यांचा जन्म त्या भागात गेला. त्यांनी मला सरळच विचारलं, "भाऊ, तुम्ही वीजवाले. लोक काय काय बोलतात. तुम्हीच सांगा, आहे का तिथे काही?" माझ्याकडे वाचलेलं उत्तर होतं, मोजलेलं नव्हतं. म्हणून हे यंत्र मागवलं.

किंमत दहा हजारांच्या आतबाहेर. चिनी बनावटीचं. जुन्या जाड मोबाइलएवढा आकार, आत काचेची गायगर-म्युलर नळी. नळीत कमी दाबाचा वायू असतो आणि तिला काहीशे व्होल्टचा दाब दिलेला असतो. गॅमा किरण किंवा बीटा कण आत शिरला की वायूचं आयनीभवन होतं, विजेचा एक ठोका पडतो आणि यंत्र टक् असा आवाज करतं. मिनिटाला किती ठोके पडले, एवढंच यंत्राला खरं कळतं. पडद्यावर जे मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप, दिसतं ते त्या ठोक्यांना ठरलेल्या गुणकाने गुणून काढलेलं असतं. हे लक्षात ठेवलं तर पुढची निम्मी गफलत टळते.

दुसरी गोष्ट. ठोके एकसारखे पडत नाहीत. एका मिनिटाला वीस, पुढच्या मिनिटाला तीस, हे नैसर्गिक आहे. अणू घड्याळ लावून फुटत नाहीत. एका जागी यंत्र टेबलावर ठेवून निदान अर्धा तास सरासरी घ्यावी, मगच आकडा वहीत लिहावा. पडद्यावर एखाद्या क्षणी दुप्पट आकडा दिसला म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

माझ्या घरात, पहिल्या मजल्यावर, सरासरी ताशी ०.१२ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास येते. वर्षाचा हिशोब केला तर साधारण एक मिलिसिव्हर्ट, म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट. हा आकडा बाहेरून अंगावर येणाऱ्या किरणांचा. श्वासातून जाणारा रेडॉन वायू आणि अन्नातला पोटॅशिअम धरला तर जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. कुठलंही अणुवीज केंद्र जवळ नसताना, रामकुंडावर आंघोळ करणाऱ्या प्रत्येकाला आकाशातून आणि जमिनीतून हे मिळतच असतं.

नाशिक बेसॉल्टवर बसलेलं आहे आणि बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमी असतं. पांडवलेण्यांत, तिन्ही बाजूंनी काळा दगड असताना, आकडा घरापेक्षा वाढला नाही. काळाराम मंदिराच्या ओवरीतही तेच. याउलट आमच्या ओळखीच्या एका घरात दक्षिणेकडून आणलेला लालसर ग्रॅनाइटचा ओटा आहे. त्याच्यावर यंत्र टेकवलं की आकडा ०.२५च्या पुढे जातो. त्या वहिनी क्षणभर दचकल्या. मी सांगितलं, यावर पोळ्या लाटत राहा, केरळच्या किनाऱ्यावर करुनागप्पल्लीला लोक पिढ्यान्पिढ्या याच्या कितीतरी पट किरणोत्सर्गात राहत आले आहेत. तिथल्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम. तिथल्या रहिवाशांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला आणि त्या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचं त्यात आढळलं नाही.

गंगापूर धरणात बोटीत बसून मोजलं, तर आकडा घरापेक्षा खाली आला. खाली पाण्याचा जाड थर, त्यामुळे जमिनीतले किरण वर पोहोचत नाहीत. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन खोल पाण्याच्या तलावात का ठेवतात, हे मला त्या बोटीत पहिल्यांदा नीट उमगलं. पुस्तकात वाचलेलं होतंच.

सगळ्यात जास्त शिकवलं ते दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या गोदामाने. तिथे ०:०:५० च्या पिशव्यांची थप्पी होती. सल्फेट ऑफ पोटॅश, द्राक्षवाल्यांच्या घरचं खत. थप्पीला यंत्र लावलं आणि ठोके लगेच वाढले. पोटॅशिअममध्ये थोडा भाग पोटॅशिअम-४० चा असतोच, तो किरणोत्सारी आहे. तो द्राक्षाच्या मण्यात आहे, केळ्यात आहे, आपल्या रक्तात आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला पोटॅशिअमचे चार हजारांहून जास्त अणू फुटत असतात. बागायतदार म्हणाले, "म्हणजे काका, आम्ही रोज ही पोती उचलतो ते?" उचला की. आजवर उचललीच आहेत. माझं म्हणणं इतकंच की, "किरणोत्सर्ग आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. "किती आहे" हा खरा प्रश्न.

आणखी एक नोंद ठेवतो. जत्रेत पेटणाऱ्या पेट्रोमॅक्सच्या जुन्या मँटलचं पाकीट एका दुकानात धूळ खात पडलेलं मिळालं. त्याजवळ यंत्र नेल्यावर टकटक इतकी वाढली की दुकानदार गल्ल्यावरून उठून आला. त्या जाळीत थोरियम वापरत. माझ्या घरात आलेल्या वस्तूंमधला सर्वांत मोठा आकडा त्या पाकिटाचा आहे. आणि ओझरहून दिल्लीला जाताना विमानात, पूर्ण उंचीवर गेल्यावर, आकडा दीड-दोन मायक्रोसिव्हर्टपर्यंत चढला, घरच्या दहा-पंधरा पट. वरची हवा विरळ, त्यामुळे आकाशातून येणारे किरण अडत नाहीत. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, त्यांना दाखवलं, त्यांनी शांतपणे पाहिलं आणि सँडविच संपवलं.

आता बोईसर. लेकीच्या घरी हॉलमध्ये, गच्चीवर, समुद्राकडच्या रस्त्यावर मोजलं. नाशिकला जो आकडा, तोच तिथे, सरासरीच्या फरकात. विहीणबाईंना वही दाखवली. त्यांनी दोन्ही पानं स्वतः वाचली, आणि बाळ बारशानंतर बोईसरलाच गेलं.

पण इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण हे यंत्र विकत घेणारे बरेच लोक इथेच निष्कर्ष काढून मोकळे होतात. आज आकडा कमी आहे याचा अर्थ आज काही बाहेर आलेलं नाही, एवढाच. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे की केंद्रामुळे आसपासच्या माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये, आणि प्रत्यक्षात मिळतं ते त्याच्या अगदी लहान भागाइतकं असतं. इतका लहान भाग माझ्या यंत्राला नैसर्गिक चढउतारातून वेगळा काढताच येणार नाही. शिवाय काचेच्या नळीत अल्फा कण शिरत नाहीत, न्यूट्रॉन कळत नाहीत, आणि दुधात किंवा मासळीत काय आहे ते तर या यंत्राचं कामच नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतलं वेगळं उपकरण लागतं. केंद्र सुरक्षित आहे का, हा प्रश्न शेवटी यंत्रसामग्रीचा आणि ती चालवणाऱ्या माणसांचा आहे. त्याबद्दल मी टर्बाइनवाला म्हणून बोलू शकतो.

आमच्याकडे सेट ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की बॉयलरची आग विझते. कोळसा थांबला, काम संपलं. अणुभट्टीत तसं नाही. विखंडन, म्हणजे अणू फोडण्याची क्रिया, बंद झालं तरी तयार झालेले किरणोत्सारी अणू फुटत राहतात, आणि बंद केल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. दिवसभराने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, पण मोठ्या भट्टीत अर्धा टक्कासुद्धा थोडाथोडका नसतो. ती उष्णता काढत राहणं, हीच अणुवीज केंद्राच्या सुरक्षिततेची मुख्य गोष्ट आहे. फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. नंतर त्सुनामीचं पाणी भिंत ओलांडून आलं, डिझेल जनित्रं बुडाली, पंप थांबले, आणि तीन भट्ट्यांचा गाभा, म्हणजे इंधन असतं तो भाग, वितळला. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ रोजी जे झालं त्याची जात वेगळी. तिथे भट्टीची रचनाच अशी होती की कमी शक्तीवर ती हाताबाहेर जाऊ शकत होती, आणि तिच्याभोवती काँक्रीटचं भक्कम कवच नव्हतं. आपल्या भट्ट्यांना ते आहे.

आणि नरोरा. हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि मला ते प्रत्येक वीज कर्मचाऱ्याला ठाऊक असावं असं वाटतं. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. रोटरचा तोल गेला, प्रचंड कंपनं झाली, जनित्रातला हायड्रोजन बाहेर आला आणि पेटला. तेलानेही पेट घेतला. आमचेही जनरेटर हायड्रोजनने थंड होतात. तो हायड्रोजन आत कोंडून ठेवणाऱ्या सील ऑइलचा दाब जरा हलला तरी आमच्या पोटात गोळा येई, त्यामुळे हा प्रसंग मी वाचताना डोळ्यांसमोर पाहतो. आगीत केबली जळाल्या आणि त्या भट्टीकडे जाणारी सगळी वीज गेली. सतरा तास. कंट्रोल रूममध्ये धूर, पंप बंद. ऑपरेटरने मिनिटाच्या आत भट्टी बंद केली होती. पुढे माणसं बॅटऱ्या घेऊन अंधारात वर चढली आणि भट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून त्यांनी हाताने बोरॉनचं द्रावण सोडलं. डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांनी वाफ जनित्रांत पाणी भरलं, आणि गाभ्यातलं जड पाणी पंपाशिवाय, फक्त गरम-थंड फरकाने, आपोआप फिरत राहिलं. गाभा शाबूत राहिला. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही.

या घटनेकडे मी दोन्ही बाजूंनी बघतो. पाती तुटायला नको होती, आणि एकाच जागेवरून गेलेल्या केबलींनी सगळं एकदम घालवायला नको होतं. पण रचनेत असलेला शेवटचा आधार कामाला आला, आणि त्या रात्रपाळीने आपलं काम केलं. पुढे पात्यांची रचना बदलली गेली. त्या पाळीतल्या माणसांबद्दल मला जो आदर आहे तो शब्दांत मांडता येत नाही.

कोळशाबद्दल मी कुणाच्या सांगण्यावरून बोलत नाही. २१० मेगावॉटचा एक सेट भरात चालला की दिवसाला तीन हजार टनांच्या घरात कोळसा लागतो. विदर्भातून रेल्वेच्या वाघिणी येतात, आणि आपल्या कोळशात राख तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, म्हणजे हजार टन राख रोज. तेवढ्याच ताकदीच्या, २२० मेगावॉटच्या आपल्या जड पाण्याच्या भट्टीला दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे किलो युरेनियम पुरतं. एका हातगाडीवर मावेल. कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राच्या पहिल्या भट्टीने ९६२ दिवस न थांबता वीज दिली आणि २०१८ च्या शेवटच्या दिवशी ती बंद केली. ज्याने बॉयलर ट्यूब लीकेजसाठी सेट बंद होताना पाहिले आहेत, त्यालाच या आकड्याचं वजन कळेल.

राखेच्या बंधाऱ्याजवळही मी यंत्र नेलं होतं, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून. आकडा घरापेक्षा थोडा वर, काळजी करण्यासारखा अजिबात नाही. कोळशात युरेनियम-थोरियम अंशमात्र असतं, ते राखेत साठतं. पण कोळशाने माणूस मरतो तो किरणोत्सर्गाने नाही, धुराने आणि बारीक कणांनी मरतो, खाणीत मरतो. जगभरच्या अभ्यासांतून निघणारा ढोबळ हिशोब असा आहे की एक अब्ज युनिट, म्हणजे एक टेरावॉट-तास, विजेमागे कोळशाने सुमारे पंचवीस माणसं दगावतात. अणुविजेत, चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनसुद्धा, हा आकडा ०.०३ च्या आसपास, पवन आणि सौर विजेच्या रांगेत. कार्बनचंही तसंच. खाणीपासून शेवटपर्यंतचा हिशोब धरला तर एका युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, अणुवीज १२ ग्रॅम. मी ज्या केंद्राचा पगार घेतला, ज्या केंद्राने नाशिकचे कारखाने चालवले, त्याच्याबद्दल मला कृतज्ञता आहे. तरीही नातवासाठी मला कोळसा नको आहे.

सूर्य आणि वारा हवेतच. बागांवर सौर पंप आले ते फार चांगलं झालं, रात्री पाणी भरायला उठणं थांबलं. पण संध्याकाळी सातला सगळ्या शहरात दिवे, मिक्सर, पंखे लागतात तेव्हा ग्रीडला स्थिर आधार लागतो, आणि तो आज आपल्याकडे मुख्यतः कोळसा देतो. देशाच्या विजेत अणुविजेचा वाटा अजून तीन टक्क्यांच्या आसपासच आहे.

जे प्रश्न मला खरे वाटतात तेही लिहितो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या. इतक्या वयाच्या यंत्राला कडक तपासणीशिवाय चालवू नये, आणि तपासणीचा निष्कर्ष लोकांना मराठीत वाचायला मिळावा. जैतापूरला सहा भट्ट्या, ९९०० मेगावॉट होणार असं ठरून कितीतरी वर्षं झाली. तिथल्या मच्छीमाराचा प्रश्न किरणोत्सर्गापुरता नाही, गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचं काय, हा आहे, आणि जमिनीचा आहे. त्याला माझं यंत्र दाखवून उत्तर मिळत नाही. अणुभट्टी बांधायला पैसा आणि वेळ अफाट लागतो, हेही खरं. कचऱ्याबद्दल मात्र मला लोकांपेक्षा कमी काळजी वाटते. तारापूरलाच तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत बद्ध करतात, त्याचं आकारमान लहान असतं, आणि तो कुठे आहे हे माहीत असतं. आमची राख वाऱ्यावर कुठवर गेली ते कुणीच सांगू शकत नाही.

पुन्हा यंत्राकडे. चांगलं काय, तर बॅटरी टिकते, यूएसबीने चार्ज होते, नोंदी साठवतं आणि संगणकावर आलेख काढता येतो. पावसाळ्यातला आलेख जरूर पाहा. जोराची सर आली की हवेतल्या रेडॉनपासून झालेले कण पाण्याबरोबर खाली येतात, आकडा थोडा चढतो आणि तासा-दोन तासांत उतरतो. हे माझ्या गच्चीवर मी पाहिलं, फार आनंद झाला.

वाईट काय, तर कारखान्यातून येणारी धोक्याची घंटा फार खालच्या आकड्याला लावलेली असते. विमानात ती वाजत राहील आणि लोक बिथरतील, ती आधी बदला. पुस्तिका इंग्रजीत आणि त्रोटक आहे. अचूकतेचं प्रमाणपत्र सोबत येत नाही, त्यामुळे आकडा दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरूनच चाला. दोन जागांची तुलना एकाच यंत्राने केली तर ती विश्वासार्ह, एका जागेचा नुसता आकडा तितका नाही. कवच पातळ प्लॅस्टिकचं आहे आणि आतली नळी काचेची, त्यामुळे मुलांच्या हातात देताना जपा. विक्रेत्याकडे सुटी नळी मिळते का, ते पैसे देण्याआधी विचारून घ्या.

शाळांसाठी हे यंत्र मी सर्वांत आधी सुचवेन. आठवी-नववीच्या मुलांना खताची पिशवी, जुना मँटल आणि ग्रॅनाइटचा तुकडा देऊन एक तास घेतला तर अणू म्हणजे बॉम्ब एवढंच समीकरण त्यांच्या डोक्यात राहणार नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं देशभर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या ठाण्यांचं जाळं आहे. माझी मागणी आहे की प्रत्येक अणुवीज केंद्राच्या परिसरातल्या ग्रामपंचायतींच्या दाराशी असा आकडा मोठ्या अक्षरांत, चोवीस तास दिसावा. बाजारभाव लावतो तसा. गावकऱ्याने स्वतःचं यंत्र आणून तो पडताळून पाहिला तर कुणी हरकत घेऊ नये.

नाशिकरोड, जेलरोड, सिन्नर फाटा भागातल्या ज्या शाळेला विज्ञानाच्या तासासाठी माझं यंत्र हवं असेल, त्यांना मी ते घेऊन स्वतः येईन. खताची पिशवी तेवढी तिथे तयार ठेवावी, ०:०:५० चीच.